भेट पान २१३ वर: साताऱ्यातल्या एका ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा प्रकरण अभ्यास

हे लेखिकेच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कादंबरीतल्या पात्रांची नावंही बदलली आहेत. इतिहासातली माणसं, गावं आणि सालं मात्र आहेत तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

बाईंनी मला प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर सात वर्षं खपून त्यांनी एक कादंबरी लिहिली आणि एका मे महिन्यात दोन फायलींमध्ये घालून ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. हस्तलिखितं वाचायची, लेखकाबरोबर बसायचं आणि कुठे काय अडतंय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. तरी ज्यांनी आपल्याला काना-मात्रा शिकवली त्यांच्या पानावर पेन्सिल टेकवताना हात अडखळतो. पहिले दोन आठवडे मी नुसती वाचत राहिले.

टाइप केलेली ३२८ पानं. काळ १८३९ ते १८५७. कथा अशा जोडप्याची, की जे तरुणपणी दुरावतं आणि पंधरा वर्षांनी पुन्हा समोरासमोर येतं. दुसऱ्या संधीची प्रेमकथा म्हणतात ती हीच. वाचणाऱ्याला शेवट साधारण माहीत असतो. हे दोघं पुन्हा भेटणार, हे मुखपृष्ठच सांगून टाकतं. त्यामुळे सगळा भार पडतो तो भेट केव्हा होते, भेटल्यावर लगेच का जमत नाही, आणि मधली वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची, यावर.

बाईंनी निवडलेला इतिहास या कथेसाठी जणू करूनच ठेवलेला होता. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि सुमारे चौदा वर्षं लंडनमध्ये कंपनीच्या दारात अर्ज-विनंत्या करत राहिले. इकडे १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. १८४८ मध्ये गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे भाऊही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारचं राज्य खालसा केलं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये सातारचा कट उघडकीला आला, रंगो बापूजी निसटले ते कायमचे, आणि त्याच सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यात त्यांचा मुलगाही होता.

बाईंचा नायक सखाराम हा या वकिलांच्या लवाजम्यातला शागीर्द. करंज्याचा, शेतकरी घरातला, निरक्षर. नायिका यमुना.

अडचण

वाचायला मी पाच जणांना दिलं. बँकेत काम करणारी एक, अंगणवाडी सेविका एक, निवृत्त एसटी कंडक्टर, कॉलेजातली एक मुलगी, आणि साताऱ्याजवळच्या लिंबकडे राहणाऱ्या बाईंच्या सत्तरीच्या नणंदबाई. मत विचारलं नाही. इतकंच सांगितलं, की जिथे पुस्तक खाली ठेवाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. सिलिंडरवाला आला म्हणून ठेवलं असेल तर 'सि' लिहा, आपण होऊन ठेवलं असेल तर नुसती रेघ.

माणसं मत देताना भिडस्त असतात. रेघ भीड धरत नाही.

पाचही प्रतींत पान ६० ते ७० च्या मध्ये नुसती रेघ होती. कॉलेजच्या मुलीच्या प्रतीत पान ६४, ७१, ७७, ८३ अशा रेघा होत्या आणि १२० नंतर रेघच नव्हती. मला वाटलं, हिला आता लय सापडली. विचारलं तर म्हणाली, "ताई, मी तिथून पुढे गेलेच नाही."

मग मी पानं आणि कथेतले दिवस शेजारी शेजारी मांडले. साताऱ्यातलं पूर्वायुष्य आणि प्रेम जुळणं ११० पानं. लंडन ६४ पानं. परतीचा प्रवास ३८ पानं: मुंबईहून होडीने पनवेल, बोरघाट, पुणे, कात्रज, शिरवळला नीरा, खंबाटकी. भेट पान २१३ वर. त्यापुढे ३०६ पर्यंत गैरसमज. सगळं १८५७ साल १६ पानांत, आणि शेवटच्या सहा पानांत मीलन.

लांबी ही एक तक्रार झाली. त्याहून मोठी अशी, की जिथे काही घडत नव्हतं तिथे कथा बसून राहिली होती आणि जिथे माणसांची आयुष्यं उलटीपालटी होत होती तिथून ती धावत सुटली होती.

कुठे काय अडलं होतं

एकच पान जवळून दाखवते, पान २१३.

लिंबची बारा मोटांची विहीर. सखाराम उन्हातून येतो, पाणी मागतो. धावेवर एक दहा वर्षांचं पोर मोट हाकतंय. बैल उताराला लागतात, नाडा ताणला जातो, मोट वर येते, पाणी थारोळ्यात कोसळतं. तेवढ्यात पोराची आई भाकरी घेऊन येते. यमुना. दोघं एकमेकांना ओळखतात.

आणि इथे बाईंनी विहिरीचा इतिहास सुरू केला होता. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये ती कशी बांधली, तिचा अष्टकोन, आतला महाल, शाहू महाराजांचा काळ. चार पानं. चारही पानांतली माहिती खरी, भाषाही देखणी. पण पंधरा वर्षांनी नवरा-बायको समोरासमोर उभे आहेत आणि वाचणाऱ्याला शिलालेख वाचायला लावलंय.

(हो, नवरा-बायको. मूळ खर्ड्यात ते नवरा-बायको नव्हते. त्याकडे येतेच.)

दुसरी गोष्ट. भूतकाळ सगळा आधीच सांगून झाला होता. त्यामुळे भेट होते तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात विचारायचा एकही प्रश्न शिल्लक नसतो. सखाराम का गेला, पत्रं का पोचली नाहीत, यमुनेने दुसरं घर का केलं, सगळं आपल्याला ठाऊक. दोघांना ते ठाऊक नाही, एवढाच फरक, आणि तो फरक दोघांनी ओट्यावर बसून अर्धा तास बोललं तर मिटणारा. यमुनेच्या भावाने पत्रं दडवली होती हे तिला कळलं की संपलं. हे बोलणं होऊ नये म्हणून बाईंना दर वीस पानांनी काहीतरी आडवं आणावं लागत होतं: पाऊस, ताप, सावकार, पाहुणे.

तिसरी गोष्ट मी पकडली नाही. नणंदबाईंनी पकडली. पान २४० च्या कडेला त्यांनी रेघ मारली होती आणि तोंडी सांगितलं, "वैनी, ही रांडमुंड झाली म्हणून दोघांचं जमंना, असं लिवलंय तुम्ही. पर आपल्यात पाट लागत हुता की. हिला अडवतंय कोण?"

बाई गप्प झाल्या. मीही.

कादंबरीचा अख्खा मध्यभाग वैधव्याच्या भिंतीवर उभा होता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याची बातमी येते तेव्हा दार उघडतं, अशी रचना होती. ज्या जातींत विधवेला पुन्हा लग्नाची बंदी होती त्यांच्यासाठी त्या कायद्याला अर्थ होता. शेतकरी-कुणबी घरांत पाट, म्हणजे विधवेचं किंवा काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न, पिढ्यानपिढ्या चालत आलेला. यमुना ज्या घरातली दाखवली होती तिथे ही भिंतच नव्हती. शहरातल्या वाचकाला हे नेमकं सांगता येत नाही, पण त्याला जाणवतं. काहीतरी लटकं आहे असं वाटतं आणि हात पुस्तक खाली ठेवतो. मध्यभागातल्या निम्म्या रेघांचं मूळ इथे होतं, असं मला आज वाटतं.

समोरचे पर्याय

पहिला, नुसती छाटणी. ३२८ ची अडीचशे पानं करायची. सोपा, आणि बाईंना तोच हवा होता. पण २१३ वरची भेट १६० वर आली असती, एवढंच. प्रश्न नसलेली भेट ती प्रश्न नसलेलीच राहिली असती.

दुसरा, दोन काळ आलटूनपालटून. एक प्रकरण १८३९, एक १८५४. हल्ली बऱ्याच कादंबऱ्या अशा असतात आणि मला स्वतःला हा पर्याय आवडला होता. बाईंनी त्याप्रमाणे सत्तर पानं नव्याने लिहिली. ती वाचली तेव्हा कळलं, की लिंबचा प्रसंग तापायला लागला की प्रकरण संपायचं आणि करंज्याला जावं लागायचं. भूतकाळ वेळापत्रकाने येत होता. १८५४ मधल्या कुणालाही त्याची गरज पडली म्हणून तो येत नव्हता.

तिसरा, १८५४ पासून सुरुवात. मागचं काहीही आपण होऊन सांगायचं नाही. पुढ्यातल्या माणसाने विचारलं, किंवा एखादी गोष्ट हातात आली, तरच ते यावं.

चौथा पर्याय बाईंच्या मुलाने सुचवला: लंडनचं वेगळं पुस्तक करा. बाईंनी तो लगेच बाजूला ठेवला. "सखारामला लंडनशिवाय उभा केला तर तो नुसता पळून गेलेला माणूस होतो," त्या म्हणाल्या. बरोबर होतं ते.

तिसरा घ्यायचं ठरलं. पण त्याआधी अडसर बदलायला हवा होता, नाहीतर आम्ही तीच रिकामी खोली नव्याने सारवली असती.

पहिला निर्णय: ते आधीच नवरा-बायको

मूळ खर्ड्यात सतरा वर्षांची अविवाहित यमुना आणि वीस वर्षांचा सखाराम विहिरीवर चोरून भेटायचे. १८३९ मधल्या शेतकरी घरात सतरा वर्षांची मुलगी बिनलग्नाची राहत नव्हती. हे मी पहिल्या वाचनातच लिहून ठेवलं होतं, पण तपशिलाची चूक म्हणून. गतीशी त्याचा संबंध आहे हे लक्षात आलं नव्हतं. चोरून भेटणं, कुणी पाहणं, पुन्हा न भेटणं, पुन्हा भेटणं यात ११० पानं जात होती, कारण त्यांना एकत्र आणायला दर वेळी निमित्त शोधावं लागायचं.

बाईंनी ते बदललं. लग्न लहानपणीच झालेलं. सोळाव्या वर्षी यमुना नांदायला आली. आठ महिने संसार. मग सखाराम वकिलांबरोबर गेला. चार वर्षं तो परतला नाही म्हटल्यावर जातपंचायतीने काडीमोड दिली, लिंबच्या एका घरात तिचा पाट लागला, १८४४ मध्ये मुलगा झाला, पुढे तो नवराही पटकीने गेला.

एका फटक्यात ११० पानांची गरज संपली. आणि हरवलेली गोष्ट जड झाली. जमता जमता राहिलेलं प्रेम वेगळं, मांडलेली चूल मोडणं वेगळं.

या बदलात एक प्रसंग गेला. बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. बाईंनी तो प्रसंग अप्रतिम लिहिला होता: सुतारकी आवरून रात्री आलेला मामा, रुईला गुंडाळलेला दोरा, पानांवर उभा राहिलेला पांढरा चीक. आता सखाराम बिनलग्नाचा नव्हता, म्हणून रुईला जागाच उरली नाही. बाईंनी स्वतः ती पानं फायलीतून काढली आणि पिशवीत घातली.

दुसरा निर्णय: अडसर म्हणजे पोर

नणंदबाईंनीच पुढचं सांगितलं. पाट लावून गेलेल्या बाईची पहिल्या घरची पोरं त्या घरीच राहत. भाऊबंदकी ती सोडत नसे. १८५६ च्या कायद्यातही पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो, आणि मुलांचा ताबा नवऱ्याच्या नातलगांनी मागण्याची सोय आहे. म्हणजे चालीत आणि कायद्यात, दोन्हीकडे, यमुनेपुढे एकच गोष्ट होती: सखाराम हवा तर दहा वर्षांचा मुलगा सोड.

हा अडसर अर्ध्या तासाच्या बोलण्याने जात नाही. उलट दोघं जितकं मोकळं बोलतील तितका तो वाढतो. त्यामुळे पाऊस, ताप, सावकार, पाहुणे सगळे गळाले. तसं करायला मला सांगावं लागलं नाही. लिहिताना बाईंना त्यांची गरजच पडली नाही.

आणखी एक दार उघडलं. सखारामची यमुनेआधी ओळख होते ती तिच्या मुलाशी, आणि कुणाचा मुलगा हे त्याला ठाऊक नसतं. मग लंडन त्या पोराला सांगायचं. चौसष्ट पानांची चार सांगणी झाली, मोटेच्या दोन खेपांमध्ये मावतील एवढी. समुद्र कसा असतो. थंडीत तोंडातून वाफ कशी येते. साहेबाच्या कचेरीत वकील किती वेळ उभे राहायचे. चौथ्या खेपेला पोर विचारतं, "मग तुमच्या घरी कोण होतं?"

"माझं लंडन तू कापलंस," असं बाई मला सुरुवातीला म्हणाल्या होत्या. त्या चार सांगण्यांनंतर पुन्हा म्हणाल्या नाहीत.

शिलालेखाचंही असंच झालं. चार पानांचा इतिहास गेला. आता पोर सखारामला दगडापाशी नेतं आणि विचारतं, यावर काय लिहिलंय? लंडनच्या दुकानांवरच्या पाट्या अक्षर अक्षर जोडून वाचायला शिकलेला हा माणूस म्हणतो, मला नाही येत. सहा ओळी. ज्या घरात पत्र आलं तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं, त्या घराची गोष्ट तिथे सुरू होते.

तिसरा निर्णय: पत्र पोचलं होतं

दडवलेली पत्रं काढून टाकावीत असं मी सुचवलं. बाईंनी त्याच्या पुढे जाऊन काही केलं, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो त्या दिवशी.

त्या काळी लंडनहून सुएझमार्गे पत्र मुंबईला यायला दीड-दोन महिने लागत. सखाराम निरक्षर, म्हणजे त्याने एका कारकुनाला सांगितलं आणि कारकुनाने मोडीत लिहिलं. यमुना निरक्षर, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ते ओसरीवर मोठ्याने वाचलं, सासरा समोर बसलेला असताना. दोन परक्या माणसांच्या तोंडून जाणाऱ्या पत्रात काय लिहिता येतं? येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे. आणि एक ओळ: कपिली व्याली की कसे ते कळवणे.

हे पत्र १८४१ मध्ये पोचतं. यमुना ऐकते आणि उत्तर पाठवत नाही. का पाठवत नाही, हे पुस्तकभर तिच्यापाशी राहतं.

दुसरीकडे सखारामपाशी त्याचा प्रश्न आहे. १८४७ ला महाराज गेले. १८४८ ला राज्यच गेलं. मग तू पुढची सहा वर्षं कशासाठी थांबलास? मूळ खर्ड्यात हे एका परिच्छेदात उरकलं होतं: वकील तिथेच राहिले म्हणून तोही राहिला. आता यमुना तेच विचारते, आणि त्याच्या पहिल्या दोन उत्तरांवर विश्वास ठेवत नाही. इतिहासातच पडलेली ही सहा वर्षांची फट कादंबरीचा कणा झाली. आम्ही ती घडवली नाही, ती तिथे होतीच.

चौथा निर्णय: १८५७ ला जागा द्यायची

मूळ खर्ड्यात अटकसत्र, फितुरी, गेंडामाळ सगळं तारीखवार आलं होतं आणि सखाराम-यमुना त्यातून पळून जात होते. आता आम्ही उलट विचार केला: त्या जूनमध्ये लिंबच्या एका घराला कशाची भीती असेल? सखाराम वकिलांचा माणूस. कुणाच्याही तोंडून त्याचं नाव निघू शकतं. भाऊबंद यमुनेला बजावतात, की याच्याशी पाट लागला तर पोराची सावलीसुद्धा दिसणार नाही. कट, अटक, देहदंड सगळं तसंच घडतं, पण आपण ते दाराच्या फटीतून पाहतो.

शेवटी पाट लागतो, अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री, पाच माणसांत. सखाराम तिला करंज्याला नेत नाही. तोच लिंबला राहतो, समोरच्या गल्लीत. पोर दोन्ही घरी जेवतं. त्या एका रात्रीला बाईंनी अकरा पानं दिली आणि मी त्यातला एक शब्द हलवला नाही.

निष्पत्ती

नवा खर्डा २३२ पानांचा झाला. भेट पान १९ वर. परतीचा प्रवास सहा पानांत, आणि त्यातली दोन खंबाटकी उतरताना कृष्णेचं खोरं पहिल्यांदा दिसतं त्याची.

त्याच पाच वाचकांना पुन्हा दिला, शिवाय दोन नव्या. ६० ते ७० मधल्या रेघा गेल्या. कंडक्टरकाकांच्या प्रतीत अख्ख्या पुस्तकात चार रेघा, त्यातल्या तीन 'सि'. अंगणवाडीताईंनी पान १८० पासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलं आणि सकाळी फोन केला, पण बोलल्या ते पुस्तकाबद्दल कमी आणि त्यांच्या आईबद्दल जास्त.

आणि मग कॉलेजची मुलगी म्हणाली, "सगळं कळलं, फक्त शेवटी ती पत्र पुन्हा वाचून घेते तेव्हा का रडते ते नाही कळलं. गाईचं काय आहे त्यात?"

चूक माझी होती. भूतकाळ कमी करायच्या नादात आठ महिन्यांच्या संसाराची मी दीडच पानं ठेवली होती. गोठ्यातली रात्र, गाभण कपिलीच्या पोटाला हात लावून दोघं बसलेले, पिढीजात लाजाळू नवरा-बायको पहिल्यांदा बोलतात ती रात्र, मी 'इथे रेंगाळतं' असं लिहून काढायला लावली होती. ती गेल्यावर पत्रातली गाय नुसती गाय उरली. काय हरवलं हे वाचणाऱ्याने हाताने चाचपलेलं नसेल, तर ते परत मिळण्याची घाई त्याला का असावी? बाईंनी नऊ पानं परत घातली, आणि ती सुरुवातीला घातली नाहीत. यमुना पत्र पेटीतून काढते त्या रात्री, पान १५३ नंतर, ती येतात. एकूण २४१.

हस्तलिखित एका प्रकाशकाने कारण न देता परत पाठवलं. दुसऱ्याकडे गेल्या दिवाळीपासून आहे.

आज वेगळं काय केलं असतं

नणंदबाईंशी आधी बोलले असते. पहिले चार महिने मी वैधव्याच्या अडसराची वाक्यं घासूनपुसून देत होते, आणि तो अडसर त्या घरात नव्हताच. ऐतिहासिक प्रेमकथेत दोघांना काय अडवतं याचं उत्तर त्या काळाच्या, त्या गावाच्या, त्या जातीच्या चालीरीतींत असतं. ते पक्कं होण्याआधी भाषेला हात लावायला नको होता.

आलटूनपालटून काळांचा प्रयोग बाईंना पूर्ण लिहायला लावायला नको होता. प्रकरणागणिक दोन-दोन ओळी मांडल्या असत्या तरी तो फसतोय हे दिसलं असतं. त्यांचं मनगट दुखतं, हे मला माहीत होतं. सत्तर पानं त्यांनी हाताने लिहून मग टाइप केली.

रुईचा प्रसंग निघाला त्या दिवशी मी 'बरोबर आहे, जागा नाही' म्हणून पुढच्या पानावर गेले. थांबायला हवं होतं. निदान एकदा तो दोघींनी मोठ्याने वाचायला हवा होता. बाईंच्या आजीने सांगितलेला प्रसंग होता तो.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. पान १४० ते १५२. १८५५ चा पावसाळा. मोट बंद, विहिरीवर यायला सखारामला काही कारण नाही, यमुनेला भाकरी न्यायला कारण नाही. एका गावात राहून दोघं अडीच महिने एकमेकांना दिसत नाहीत. सातपैकी दोघांच्या रेघा तिथे आहेत. मी निम्मी पानं काढायला सुचवलं. बाई म्हणाल्या, "तुला पाऊस लांबला की कंटाळा येतो, तसा त्यांनाही आलाय. येऊ दे." मी पुन्हा वाचलं. त्या तेरा पानांत यमुना रोज संध्याकाळी दाराशी येते आणि आभाळ उघडलंय का बघते, आणि कशासाठी बघते हे बाईंनी कुठेही लिहिलेलं नाही.

प्रकाशकाकडे गेलेल्या प्रतीत ती पानं तशीच आहेत.